बिल्डिंग पाडायची आहे, पण काकूंच्या कुरडयांच्या आधी

तर आमच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट एकदाचं फायनल झालंय. कोथरूड, तळ अधिक तीन मजले, सोळा फ्लॅट, १९८४ चं बांधकाम. अ‍ॅग्रीमेंट साठेक पानांचं. कार्पेट एरिया, कॉर्पस (म्हणजे बिल्डरकडून मिळणारा निधी), लिफ्ट कुठली, पार्किंग कोणाला किती, सगळं त्यात आहे, आणि जुनी इमारत पाडायची कशी याबद्दल काय, तर "विकासक स्वखर्चाने पाडकाम करेल". संपलं!

गेल्या मे महिन्यात पलीकडची बिल्डिंग पाडली तेव्हा मी ग्रुपवर तावातावानं निबंध लिहिले होते. पोकलेन आणलं आणि धाडधाड सुरू, पाण्याचा पाइप एकच, तोही फोटोपुरता, हिरवी जाळी फक्त रस्त्याच्या बाजूला. आमच्या खिडक्या तीन आठवडे बंद, कूलरच्या गवतावर सिमेंटचा थर, बाबांचा नेब्युलायझर माळ्यावरून परत खाली आला. आता आमची पाळी आलीय आणि खरं सांगायचं तर तेव्हा त्यांना जी घाई होती तीच आता मलाही आहे. कारण भाडं. बिल्डर सोळा घरांचं भाडं भरणार, त्याचं मीटर पडणार, आपल्यालाही ताबा लवकर हवाय, त्यामुळे हळू पाडा असं म्हणणारा या सगळ्यात कोणीच नाही, शेजारी सोडले तर, आणि त्यांची कुठे सही लागते?

त्यात पाडकामवाल्याचं गणित वेगळं. तो बऱ्याचदा पैसे घेत नाही, उलट देतो. सळई, ग्रील, वायरी, सागवानी चौकटी त्याच्या. विटा आणि प्लास्टर म्हणजे नुसतं ओझं, मग तो राडारोडा रात्री टेंपोतून कुठेतरी नदीच्या कडेला जातो. २०१६ च्या नियमांत होतं खरं तर की दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनांच्या वर मलबा निघणार असेल तर आधी प्लॅन मंजूर करून घ्यायचा आणि काँक्रीट, माती, लोखंड, लाकूड-प्लास्टिक, विटा वेगवेगळं ठेवायचं. ठोकताळ्यानं आमची बिल्डिंग हजार टनाच्या पुढं सहज जाते. वाघोलीला महापालिकेचा राडारोड्याचा प्रकल्प आहे. आयएस ३८३ या भारतीय मानकानुसार कमी ग्रेडच्या काँक्रीटमध्ये भंगलेल्या काँक्रीटची खडी १०० टक्क्यांपर्यंत चालते, म्हणजे तो माल अगदीच टाकाऊ नाही. मी एवढंच लिहून मागितलंय की प्रत्येक गाडीची पावती सोसायटीला दाखवायची.

मीटिंगमध्ये एक सभासद म्हणाले, स्फोटकं लावून उडवा ना, चांदणी चौकातल्या पुलासारखं. काका, तो पूल २ ऑक्टोबर २०२२ ला सुमारे ६०० किलो स्फोटकं लावूनही पूर्ण पडला नव्हता, उरलेला मशिननीच काढला. आणि इकडे शेजारच्या बिल्डिंगची भिंत दहा फुटांवर!

क्रम साधा आहे, बांधताना जे शेवटी बसवलं ते आधी काढायचं. लाइट, गॅस, पाणी तोडायचं आणि ड्रेनेजची लाइन बुजवायची, कारण ती उघडी राहिली तर उंदीर-झुरळं थेट शेजारी मुक्कामाला. मग दारं, खिडक्या, कडाप्पा, फरशी हातानं. गच्चीवरचे सिमेंटचे पत्रे जुने आहेत म्हणजे त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असणार असंच धरायचं, ते भिजवून, बोल्ट काढून, अख्खेच्या अख्खे उतरवायचे, वरून फेकले आणि फुटले की तंतू हवेत गेले आणि ते डोळ्यांना दिसतही नाहीत. त्यानंतर भिंती, मग स्लॅब, वरून खाली. मलबा स्लॅबवर साठवायचा नाही, जुना स्लॅब तेवढं वजन घेईलच असं नाही. कोपऱ्यातल्या आंब्याला आधीच पत्र्याचं कुंपण, नाहीतर पोकलेन वळताना मुळं गेलीच.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते कुठल्या महिन्यात पाडायचं यानं. पावसाळ्यात धूळ बसते पण चिखल गटारात, गटार तुंबून पाणी रस्त्यावर आणि खड्ड्यांत डास. मे मध्ये पश्चिमेचा वारा, आणि आमच्या पूर्वेला तीन सोसायट्या. थंडीत सकाळची गार हवा खालीच बसून राहते, धूळही तिच्यात लोंबकळत. शेवटी ठरवलं की हातानं काढायचं काम फेब्रुवारीत, स्लॅब मार्चात, सकाळी दहाच्या आधी ब्रेकर लावायचा नाही, जाळी चारही बाजूंनी आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत प्लॉट साफ. बिल्डर म्हणाला दोन आठवडे जास्त जातील. मी म्हटलं त्या दोन आठवड्यांचं भाडं आम्ही सोडतो. यावर सोळापैकी अकराच जण हो म्हणाले, बाकीचे पाच अजून माझ्याशी जिन्यात बोलत नाहीत.

काल शेजारच्या बिल्डिंगमधल्या काकू भेटल्या. "अरे, ते धूळ-बिळ ठीक आहे, पण मला गच्चीत कुरडया घालायच्यात, कधी घालू तेवढं सांग." म्हटलं, काकू, १५ एप्रिलनंतर. त्यांनी आत जाऊन कालनिर्णय आणलं आणि माझ्यासमोर त्या तारखेवर पेननं माझं नाव लिहिलं.