ऑक्सिजनचा काटा

गडचिरोलीहून नागपूरच्या मेडिकलपर्यंत, म्हणजे तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापर्यंत, आरमोरी, ब्रह्मपुरी, नागभीड, भिवापूर, उमरेड असा सुमारे पावणेदोनशे किलोमीटरचा रस्ता आहे. एका खासगी रुग्णवाहिका कंपनीत चालक म्हणून मी तीन वर्षे हा रस्ता इतक्या वेळा तुडवला, की कोणत्या वळणावर रानडुकरे आडवी येतात आणि हंगामात कोणत्या गावाजवळ अर्ध्या डांबरावर धान वाळत घातलेले असते, हे मी आजही झोपेत सांगू शकेन. झोपेत हा शब्द सहज आला, पण तो चुकीचा नाही.

पगार महिन्याला ९,००० रुपये होता आणि नागपूरच्या प्रत्येक खेपेमागे ३०० रुपये भत्ता मिळे. रिकामी गाडी परत आणणे मालकाला परवडत नसे, त्यामुळे मेडिकलच्या फाटकाबाहेर परतीच्या भाड्याची वाट पाहत थांबावे लागे. परतीचे भाडे म्हणजे बहुधा मृतदेह. भाव आम्हीच ठरवायचा. ज्याचा बाप तासाभरापूर्वी गेला आहे, त्याच्याशी कुरखेड्यापर्यंतच्या किलोमीटरचा हिशेब बोलायचा. या कामात मला सर्वांत लाज याचीच वाटली.

कामाच्या तासांविषयी एकदा विचारले, तेव्हा मालक म्हणाले, "पेशंट काय घड्याळ पाहून बिमार पडते काय बे?" त्यावर मला उत्तर सुचले नाही. पुढे तेव्हा लागू असलेला (२०२५ मध्ये रद्द झालेला) मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ वाचनात आला. त्यात चालकाला दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, मध्ये विश्रांती आणि आठवड्याची सुटी असे सारे होते. मात्र शेवटाकडे कलम ३८ मध्ये, आजारी किंवा जखमी माणसांची ने-आण करणाऱ्या वाहनांना हा कायदा लागू नाही, असे स्पष्ट म्हटले होते. म्हणजे ट्रकमध्ये सिमेंट नेणाऱ्याच्या झोपेची काळजी कायद्याने केली आणि मागे माणूस निजवून नेणाऱ्याची मात्र वगळली. मालकांनी तो कायदा वाचला असेल असे मला वाटत नाही, तरी दोघांचे म्हणणे एकच निघाले.

त्याचा परिणाम कुठे होतो, हे मला २०१९ च्या मे महिन्यात कळले. आदल्या सकाळपासून माझी तिसरी खेप सुरू होती. गाडीत बी-टाइपचा लहान सिलिंडर होता. तो पूर्ण भरलेला असताना त्यात सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन असतो आणि मिनिटाला ५ लिटर दिला तर पाच तास पुरतो. निघण्यापूर्वी सिलिंडरमध्ये किती ऑक्सिजन उरला ते दाखवणारा काटा पाहणे हे माझे काम होते आणि त्या रात्री ते राहून गेले. सोबत परिचारक नव्हता, कारण कंपनीने तो ठेवलेलाच नव्हता. मागे रुग्णाचा मुलगा तेवढा बसला होता. आरमोरी ओलांडल्यावर त्याने काच ठोठावली आणि म्हणाला, "भाऊ, हा काटा लालमधी गेला, चालते काय?"

पुढच्या गावातील सरकारी दवाखान्यासमोर मी गाडी उभी केली. रात्रपाळीच्या सिस्टरांनी कोणतीही कागदपत्रे न मागता सिलिंडर काढून दिला. रेग्युलेटर सोडवताना माझ्या हातातून पाना दोनदा निसटला. तो मुलगा मोबाइलचा उजेड धरून उभा होता आणि त्याने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. रुग्ण नागपूरला जिवंत पोहोचला. मी मालकांना फोन करून सगळे सांगितले, काटा पाहायचा राहिला हेही सांगितले. सिलिंडर आधीच्या दोन खेपांनंतर भरून का ठेवला नव्हता, हे मात्र मी विचारले नाही आणि त्यांनीही तो विषय काढला नाही.

महिनाअखेरीस त्या खेपेचे ३०० रुपये कापलेले होते. नोंदवहीत कारणाच्या रकान्यात लिहिले होते, 'वाटेत गाडी थांबवली.'