बरं झालं, सही केली नव्हती

आज दादाला घेऊन वकिलांकडे गेले होते. अपघाताला दोन वर्षं होत आली. कमरेचा मणका मोडला होता, ऑपरेशन झालं, हाड जुळलं आणि सगळ्यांनी ‘बरा झाला’ म्हणून टाकलं. तो २० मिनिटांच्या वर बसू शकत नाही, हे कुणाला दिसतच नाही. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो, त्याखाली नसांचा नुसता जुडगा असतो. तो दुखावला की पाय बधिर होतात, लघवीवरचा ताबा जातो. दादाला पुन्हा पुन्हा होणारं लघवीचं इन्फेक्शन त्यातलंच. हे तो आम्हालाही कितीतरी दिवस सांगत नव्हता. आज वकिलांसमोर बोलला, मान खाली घालून. मला फार वाईट वाटलं.

विमा कंपनीने सुरुवातीलाच एक रक्कम देऊ केली होती. वकील म्हणाले, “अंतिम तडजोडीवर सही झाली असती, तर पुढचं दुखणं बहुधा तुमच्याच गळ्यात पडलं असतं.” भरपाई मागताना झालेल्या बिलांसोबत पुढची फिजिओथेरपी, औषधं, बुडालेली कमाई आणि वेदना हेही मांडता येतं. मात्र दाव्याला मुदत असते, ती ठिकाणानुसार वेगळी. आम्ही थोडक्यात वाचलो.

आता एमआरआय, डिस्चार्ज कार्ड, पगाराच्या स्लिपा शोधतेय. दुखण्याची रोजची नोंदही ठेवायला सांगितलीय. दादाने आजपासून त्यासाठी वही सुरू केली आहे. पहिली ओळ: ‘रात्री ३ वाजता जाग.’