व्हेनिस बिएनाले: देशांच्या बंगल्यांची कॉलनी

व्हेनिसला लोक गोंडोला बघायला जातात, आम्ही गेलो बिएनालेला, तिथे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या जागतिक कलाप्रदर्शनाला, म्हणजे मी बिएनालेला आणि नवरा जिलातो (इटालियन आइस्क्रीम) खायला, त्याने ट्रेनमध्येच सांगून टाकलं होतं की मला त्या मॉडर्न आर्टमधलं काही विचारायचं नाही. 2024 चं हे 60वं बिएनाले, एप्रिल ते नोव्हेंबर, क्युरेटर ब्राझीलचे आद्रियानो पेद्रोसा आणि थीम 'परदेशी सगळीकडे'. हेच शब्द निऑनमध्ये वेगवेगळ्या भाषांत लिहून आर्सेनालेच्या जुन्या गोदीत पाण्यावर टांगले होते आणि त्यांच्यासमोर सेल्फीसाठी ही गर्दी. त्याच वर्षी व्हेनिसने एका दिवसापुरत्या येणाऱ्या टुरिस्टांकडून गर्दीच्या दिवसांत 5 युरो एन्ट्री फी घ्यायला सुरुवात केली होती, त्यामुळे परदेशी सगळीकडे हे खरंच, फक्त पावती फाडून या!

पण मला सांगायचंय ते जार्दिनीबद्दल. ही झाडाझुडपांची मोठी बाग आहे आणि तिच्यात 29 पॅव्हेलियन, एकेका देशाचं स्वतःचं घर, अगदी जुन्या बंगल्यांची कॉलनी. ब्रिटन, फ्रान्स, जर्मनीचे मोक्याचे प्लॉट, बाकीचे जशी जागा मिळाली तसे. भारताचा प्लॉटच नाही. 2011 आणि 2019 ला आपलं अधिकृत पॅव्हेलियन होतं ते आर्सेनालेत, आणि 2024 ला तेही नाही. फिरता फिरता मला वाटायला लागलं की आतल्या कलाकृतींपेक्षा ही घरंच जास्त बोलतायत, कुणाचं घर उघडं, कुणाचं बंद, कुणी कुणाला वापरायला दिलंय.

रशियाचं घर घ्या. 1914 सालची देखणी इमारत. 2022 ला युक्रेनवर हल्ला झाल्यावर त्यांच्याच आर्टिस्ट आणि क्युरेटरने माघार घेतली आणि दाराला कुलूप लागलं. यावेळी ते घर रशियाने बोलिव्हियाला दिलं होतं. आता बोलिव्हियाच का? तर काही महिने आधीच बोलिव्हियाने एका रशियन सरकारी कंपनीशी लिथियमचा मोठा करार केला होता. याचा त्याच्याशी संबंध आहे असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण बघणाऱ्याला डोळे असतातच की.

इस्रायलचं पॅव्हेलियन अमेरिकेच्या अगदी शेजारी. अमेरिकेचं त्यांचा आर्टिस्ट जेफ्री गिब्सनने असलं रंगीबेरंगी करून ठेवलंय की लांबूनच डोळे दिपतात आणि बाजूला हे बंद काचेचं दार, बाहेर इटलीचे बंदूकधारी सैनिक. काचेवर कागद चिकटवलेला, त्यात लिहिलंय की युद्धबंदी आणि ओलिसांच्या सुटकेचा करार झाला की आर्टिस्ट आणि क्युरेटर प्रदर्शन उघडतील. आर्टिस्ट रूथ पातिर. त्याआधी इस्रायलला वगळा म्हणून हजारो कलाकारांनी ऑनलाइन सह्या केल्या होत्या, त्यामुळे या कागदाने ना इकडचे खूश ना तिकडचे. मी तिथे उभी होते तेवढ्या वेळात प्रत्येकजण तेच करत होता, कागदाचा फोटो, मग सैनिकाचा चोरून फोटो, मग पुढे. आतला एक व्हिडिओ काचेतून दिसत होता तो कुणी बघितल्याचं मला तरी दिसलं नाही. अख्ख्या बिएनालेतला सगळ्यात व्हायरल फोटो एका बंद दाराचा होता आणि खरं सांगू, फोनवर बघितलं काय आणि तिथे जाऊन बघितलं काय, त्यात फार फरक नव्हता.

पोलंडचं मात्र फोनवर बघून अजिबात कळणार नाही. अंधारी खोली, समोरासमोर दोन मोठे स्क्रीन आणि मध्ये माईक, थेट कराओके बार. ओपन ग्रुप नावाच्या युक्रेनियन कलाकारांचं काम आहे. स्क्रीनवर एकेक निर्वासित येतो, नाव सांगतो आणि मग तोंडाने आवाज काढतो. सायरनचा, तोफगोळ्याचा, मशीनगनचा. खाली गाण्याच्या ओळींसारखी अक्षरं सरकतात आणि तो म्हणतो, माझ्यामागून म्हणा. एक बाई, साधारण माझ्या आईच्या वयाच्या, अंगात स्वेटर, इतक्या सराईतपणे शिट्टीसारखा आवाज काढून शेवटी धडाम करत होत्या की हसू येतंय का रडू तेच समजेना. एका मुलाने माईक घेऊन जोरात ता-ता-ता-ता केलं, मित्र शूट करत होता, रीलसाठीच असणार, पण तिसऱ्या आवाजाला त्याने माईक खाली ठेवला. मी धरला होता, तोंडातून आवाज फुटला नाही. कोल्हापूरची असल्यामुळे मला तिथे आमच्या शेजारचं वळिवडे गावच आठवलं, दुसऱ्या महायुद्धात पाचेक हजार पोलिश निर्वासित आमच्याकडे छावणीत राहून गेले, आणि आता पोलंड आपलं घर युक्रेनच्या निर्वासितांना देतंय. हेही सहज झालं नाही बरं का, आधीच्या पोलिश सरकारने भलताच प्रोजेक्ट निवडला होता, 2023 च्या शेवटी सरकार बदललं आणि मग याचा नंबर लागला.

नवऱ्याला जाग आली ती नेदरलँड्सच्या पॅव्हेलियनमध्ये. तिथे काँगोतल्या लुसांगा गावच्या मळा-कामगारांची शिल्पं होती, मूळ मातीची, मग पामतेल आणि कोको वापरून ओतलेली. लुसांगा म्हणजे एकेकाळचं लेव्हरव्हिल, लेव्हर ब्रदर्सच्या साबणासाठी इथलं पामतेल जायचं, तेच लेव्हर ज्यांचा सनलाइट आपल्या आज्यांनी वापरला. 1931 ला तिथल्या पेंडे लोकांच्या उठावात बालो नावाचा बेल्जियन अधिकारी मारला गेला, त्याचा संतप्त आत्मा काबूत राहावा म्हणून लाकडाची मूर्ती केली, आणि ती आता अमेरिकेत व्हर्जिनियाच्या म्युझियमकडे. मागून मिळेना, तेव्हा 2022 ला लुसांगाच्या या मळा-कामगारांनी म्युझियमच्या वेबसाइटवरचा फोटो वापरून मूर्तीचे एनएफटी (डिजिटल मालकीची, विकता येणारी सर्टिफिकेटं) काढले, म्हणजे ते विकून मळ्याची जमीन परत घ्यायची. म्युझियम जाम भडकलं. नवरा आयटीवाला, तो जिलातो विसरून म्हणाला, "अगं, हे भारीच आहे की!" एनएफटीचा बाजार पुढे बसला ते सोडा. यावेळी बिएनालेपुरती मूर्ती लुसांगाला आली होती आणि तिथून तिचं लाइव्ह फीड व्हेनिसमध्ये चालू.

"मग नोव्हेंबरनंतर?"

"परत व्हर्जिनियाला."

यावर तो म्हणाला की मग स्क्रीन अमेरिकेत लावायचा ना, मूर्ती कशाला नेतायत. व्हापोरेत्तोच्या, म्हणजे तिथल्या बोट-बसच्या, स्टॉपपर्यंत आमचा हाच वाद चालू होता.

भारताचं पॅव्हेलियन नसलं तरी यावेळी व्हेनिसच्या दोर्सोदुरो भागात मीठ साठवायच्या जुन्या गोदामात चित्रकार हुसेनचं मोठं प्रदर्शन होतं, दिल्लीच्या किरण नाडर म्युझियमने केलेलं. पंढरपूरचा माणूस, शेवटी कतारचा नागरिक होऊन लंडनमध्ये वारला, थीमला याच्याइतकं फिट कोण बसणार? भिंतभर पळणारे डिजिटल घोडे मला नाही आवडले, फारच वॉलपेपर झालंय, पण बाजूला मूळ चित्रं होती तिथून आम्हाला शेवटी गार्डने बाहेर काढलं.