आमची वाटचाल : खुर्च्या विणता विणता

वडिलांनी १९८४ मध्ये सोलापुरात अशोक चौकाजवळ पत्र्याच्या शेडमध्ये दुकान थाटलं, ते खुर्च्या करण्याचं नव्हतंच. लोकांच्या फाटलेल्या बैठका वेताने विणून देण्याचं. गिरण्यांची ऑफिसं, वकील, शाळा. आधी दोन उभ्या पट्ट्या, मग दोन आडव्या, मग दोन्हीकडून तिरप्या. आणि हे सगळं वेत ओला असेपर्यंत. घमेल्यात वेत भिजत घालणं हे आम्हा भावंडांचं काम.

पुढे फोम आला, काम आटलं. मधली पंधरा वर्षं दिवाण आणि कपाटांवर काढली, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

२०१८ मध्ये पुण्याच्या एका आर्किटेक्ट मॅडमनी चंदीगडच्या खुर्चीचा फोटो पाठवला. सागवान, वेताची बैठक, आणि कंपासपेटीतलं कर्कटक उघडून उभं करावं तसे पाय. चंदीगडचा आराखडा करणारे वास्तुकार ल कॉर्बुझिए यांचे चुलतभाऊ, वास्तुकार पिएर जेनरे १९५१ मध्ये चंदीगड उभारायला आले आणि १९६५ पर्यंत तिथेच राहिले. सरकारी ऑफिसांसाठी हे फर्निचर त्यांनी, युली चौधरींसारख्या भारतीय सहकाऱ्यांना घेऊन, घडवलं. पुढे तेच भंगारात निघालं आणि परदेशी लिलावांत लाखोंनी विकलं गेलं. २०११ मध्ये केंद्राने त्याच्या विक्रीला आणि निर्यातीला चाप लावला. वडील फोटो बघून एवढंच म्हणाले, "उन्हाळ्यात पाठ भिजणार नाही, शहाणा माणूस."

तशाच बनवलेल्या आमच्या पहिल्या सहा खुर्च्यांपैकी चार मे महिन्यात कुरकुरायला लागल्या. लाकूड पुरतं वाळलं नव्हतं. सोलापूरच्या उन्हाने ते आक्रसलं आणि तिरप्या पायाचा सांधा उघडला. मॅडमनी पैसे परत मागितले नाहीत, खुर्च्या मात्र टेम्पोत घालून पाठवल्या. तेव्हापासून फळ्या वर्षभर शेडमध्ये रचून ठेवतो, मगच करवत लावतो. गिऱ्हाईक थांबत नसेल तर नाइलाज आहे.

एकाने सांगितलं, पाठीवर जुन्या ऑफिसचा नंबर रंगवा, चहाच्या पाण्याने लाकूड जुनं दिसेल असं करा. अस्सल खुर्च्यांवर तसे नंबर असतात. आम्ही नाही म्हटलं. बैठकीखाली 'सोलापूर' आणि साल कोरायचो, तेच कोरलं. त्याने वाकून पाहिलं आणि विचारलं, "खाली आहे ना, दिसणार नाही?"

त्यानंतरच्या प्रत्येक खुर्चीवर ते मागच्या पायावर, बाहेरून कोरतो.