पायाखालचा डबा

सातव्या महिन्यात लेकीला नाचणीचं सत्त्व भरवलं की निम्मं लाळेऱ्यावर. सासूबाई म्हणायच्या, "मांडीवर आडवी घे नि घाल." मला धास्ती ठसक्याची.

परळच्या थेरपिस्टबाईंनी तोंडाकडे पाहिलंच नाही, आधी पाय पाहिले. खुर्चीत लोंबकळत होते! पाठ-मान डळमळली की बाळाची ताकद तोल सावरण्यातच जाते. मग जबडा, जीभ नि हातांना काय उरणार? म्हणून पालथं खेळवायचं, बसवताना पायांना आधार द्यायचा.

आमच्या १० बाय १२ च्या खोलीत मी पायाखाली पिठाचा रिकामा डबा ठेवला, कुशींना टॉवेलच्या गुंडाळ्या. त्याच आठवड्यात जादू वगैरे झाली नाही. पण ९ महिन्यांची झाली तेव्हा मऊ भाताचं शीत चिमटीत धरून तोंडात! सासूबाई त्या डब्याला आता 'तिचा पाट' म्हणतात.