हवाबंद पेटीची खबरबात: चवळी, धिंगरी आणि दोन पिशव्यांचं फुफ्फुस

बाहेरची हवा न घेता रोपं जगवणारी बंद पेटी घरी बनवायची, हा आपला छंद. माझी पेटी अखेर हवाबंद झाली. ६० लिटरचं अ‍ॅक्रिलिक, झाकणाला रबरी गॅस्केट, वायरी आत जातात तिथे इपॉक्सी. गळती तपासायला प्रेशर गेजच्या भानगडीत पडलो नाही. रिकाम्या पेटीत खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर वापरून कार्बन डायऑक्साइड तीन हजार पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत तीन हजार भाग) चढवला आणि तो किती वेगाने उतरतो ते पाहिलं. आलेख जवळजवळ सपाट राहिला, तेव्हाच रोपं आत घेतली.

कार्बन डायऑक्साइड मोजायला एमएच-झेड१९ सेन्सर वापरणार असाल तर एक गोष्ट आधी करा: त्याचं आपोआप होणारं कॅलिब्रेशन बंद करा. २४ तासांतलं सर्वांत कमी वाचन म्हणजे बाहेरची ताजी हवा, म्हणजेच ४०० पीपीएम, असं तो धरून चालतो. घराच्या हॉलमध्ये हे ठीक आहे. आपल्या पेटीत मात्र रोपांमुळे आकडा त्याच्याही खाली जातो आणि सेन्सर रोज थोडं थोडं खोटं बोलायला शिकतो.

दिवे लागले की आतलं तापमान दहा अंशांनी वाढतं. त्यामुळे हवा साधारण तीन टक्क्यांनी, म्हणजे दोन लिटरने फुगते. एवढा दाब गॅस्केटवर येऊ द्यायचा नसेल तर पेटीला फुफ्फुस हवं. अ‍ॅरिझोनातल्या बायोस्फिअर-२ ला, म्हणजे माणसांसकट बंद केलेल्या अवाढव्य काचघराला, अशी दोन प्रचंड फुफ्फुसं होती. माझी मेडिकलच्या दुकानातली आहेत: दोन-दोन लिटरच्या दोन युरिन बॅगा. बहुतेकांच्या तोंडाशी हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप असते, ती काढावी लागते. सकाळी पिशव्या फुगतात, रात्री चपट्या होतात. घरच्यांच्या प्रतिक्रिया इथे देत नाही.

पीक चवळीचं. ३० डिसेंबर २०२४ ला पीएसएलव्ही-सी६० बरोबर गेलेल्या पोएम-४ वर, म्हणजे रॉकेटच्या कक्षेतच राहिलेल्या शेवटच्या टप्प्यावरच्या प्रयोगमंचावर, विक्रम साराभाई अंतराळ केंद्राने चवळीच्याच बिया रुजवून दाखवल्या होत्या. मग आपण परदेशी लेट्यूसच्या मागे का लागायचं?

माती मात्र दाराबाहेर. बायोस्फिअर-२ मध्ये १९९१ साली आठ जण दोन वर्षांसाठी बंद झाले आणि आतला ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून साडेचौदाच्या आसपास उतरला. शेवटी बाहेरून भरावा लागला. सेंद्रिय खताने भरलेल्या मातीतले जिवाणू तो खात होते. त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटने शोषला, त्यामुळे घोटाळा लवकर लक्षातही आला नाही. झाडं वाढवणं हा आपल्या छंदाचा सोपा भाग आहे. कुजण्यावर ताबा ठेवणं हा खरा भाग, असं माझं ठाम मत झालंय.

म्हणून चवळी पाण्यावर, खतद्रावणात. पण मग उलटी पंचाईत झाली. हिशेब करून पाहा: ६० लिटर हवेत ४०० पीपीएमने कार्बन डायऑक्साइड भरतो जेमतेम ४३ मिलिग्रॅम. त्यातल्या सगळ्या कार्बनचा पाला बनवला तरी कोरडं वजन तीसेक मिलिग्रॅम. दिवे लागल्यावर आकडा घसरत साठ-सत्तर पीपीएमवर येऊन थांबतो आणि रोपं अक्षरशः उपाशी उभी राहतात. माणूस दिवसाला साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो, पण त्याला या पेटीत बसवणं शक्य नाही.

माणसाच्या जागी मी धिंगरी अळिंबी बसवली. गव्हाच्या काडावर वाढणारी ही बुरशी श्वासही सोडते आणि काडही कुजवते. तिची बरणी पेटीबाहेर आहे, दोन नळ्यांनी जोडलेली, मध्ये मत्स्यटाकीचा छोटा पंप. कार्बन डायऑक्साइड ४०० च्या खाली गेला की ईएसपी-३२ हा छोटा कंट्रोलर पंप चालू करतो, १२०० ला बंद. युरोपीय अंतराळ संस्थेचा मेलिसा प्रकल्प १९८९ पासून हेच तत्त्व फार मोठ्या प्रमाणावर राबवतोय: कुजण्याचा प्रत्येक टप्पा वेगळ्या कप्प्यात, म्हणजे प्रत्येकाचा वेग वेगळा धरता येतो.

आलेख आता करवतीच्या दातांसारखा दिसतो, आणि मला तो फार आवडतो. एक खोड उरली आहे. रात्रभर पंप बंद असतो, बरणीत वायू साठतो आणि सकाळच्या पहिल्या झोतात आकडा थेट तीन हजारांपार उडी मारतो. सध्या पंप काही सेकंद चालवून काही मिनिटं थांबवतोय. अळिंबीच्या छत्र्या छोट्या आणि देठ लांबलचक आलेत; कार्बन डायऑक्साइड जास्त असला की धिंगरी असंच करते. भाजीला काही उपयोग नाही.

ऑक्सिजन सेन्सरवर इतक्यात खर्च करू नका. पाच हजार पीपीएमचा फरक म्हणजे ऑक्सिजनमध्ये फक्त अर्धा टक्का, आणि साध्या गॅल्व्हॅनिक सेन्सरचं वाचन तापमान आणि दाबाने जवळपास तेवढंच हलतं.

पुढची पायरी नायट्रोजनची. द्रावणात नायट्रेट असेल तर, घेतलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या मानाने वनस्पती थोडा जास्त ऑक्सिजन सोडते. युरियावर हा हिशेब श्वसनाच्या, म्हणजे घेतलेल्या ऑक्सिजनच्या जवळपास तेवढाच कार्बन डायऑक्साइड सोडण्याच्या, जास्त जवळ जातो. शेवाळांवर हे १९६० च्या दशकातच तपासून झालंय. चवळीवर ते दिसेल का, हे पाहण्यासाठी दुसरी पेटी कापायला दिली आहे, या वेळी ९० लिटरची. युरिन बॅगा तीन लागतील.