सगळ्यात जास्त झिजलेली कॅसेट

गोव्यात, म्हापशाला मी जुन्या कॅसेटी डिजिटल करून देतो. बहुतेक कॅसेटी माणूस गेल्यावरच माझ्याकडे येतात. फोंड्याकडच्या एका मुलाने वडिलांच्या वर्षश्राद्धाआधी पिशवी आणून दिली. "यातली भजनं तेवढी काढून द्या, त्या दिवशी लावायची आहेत."

आमच्या दमट हवेत फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट तशीच डेकवर चढवली तर चिकटलेले थर ताणतात, फीत तुटते, शिवाय हेडला, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला, लागलेली बुरशी पुढच्या कॅसेटीत जाते. म्हणून मी आधी कवच उघडतो, फीत हाताने सैल करतो, फीत हेडवर दाबून धरणारा प्रेशर पॅड निघालेला असला तर बदलतो. मग प्रत्येक कॅसेटीसाठी हेडचा अझिमथ, म्हणजे फितीशी होणारा कोन, नव्याने जुळवतो. तो किंचित जरी चुकला तरी टाळांची किणकिण बोथट होते. स्वस्त प्लेअरला यूएसबी जोडून 'डिजिटल केलं' म्हणणारे यातलं काही करत नाहीत, आणि वर नॉइज रिडक्शन लावून गाणाऱ्याचा श्वासही पुसून टाकतात. मला याची चीड आहे.

देवळातल्या सप्ताहाच्या कॅसेटी बुरशीने जाम झाल्या होत्या. कित्येक वर्षांत कुणी वाजवलेल्याच नव्हत्या. झिजलेली होती ती एकच, नव्वद मिनिटांची सी-९०. एका जागी फितीला सुरकुत्या, तिथले वरचे स्वर उडालेले. एकच तुकडा पुन्हा पुन्हा मागे घेऊन ऐकला की असं होतं. रेकॉर्डिंग पुसलं जाऊ नये म्हणून मोडतात त्या मागच्या दोन्ही टॅब फक्त हिच्याच मोडलेल्या. वाजवली, तर लदिन निघाली. ख्रिस्ती शेजारी खुरसासमोर, म्हणजे क्रुसासमोर, लॅटिनमध्ये म्हणतात ती प्रार्थना, व्हायोलिनसकट.

मुलाला ऐकवली. बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "बाबा मनातून त्यांच्यातले झाले होते का? ही गाण्याची ॲपंसुद्धा ऐकण्यावरून माणूस ओळखतात."

स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की ते ऐकलं गेलं, अशी नोंद होते. त्या नोंदीवरून माणसाची श्रद्धा ठरवायची? म्हापशातल्या चर्चमधल्या मिलाग्रिस सायबिणीला, म्हणजे मेरीमातेला, हिंदू तेल वाहतात, शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात. त्यांच्या घरी काय वाजतं, हे कुणी विचारत नाही.

मी त्याला सप्ताहाची कॅसेट लावून दिली. पखवाजाच्या मागून एक जाडसर आवाज अभंगाची ओळ उचलत होता. "हे बाबाच," तो लगेच म्हणाला. जो माणूस दरवर्षी देवळात उभा राहून स्वतः गातो, तो घरी तेच कशाला लावेल? घरी तो जे स्वतःला गाता येत नाही ते ऐकेल, असं मला वाटतं. लदिनीतसुद्धा झिजलेला तुकडा प्रार्थनेचा नव्हता. ती सुरू होण्याआधी व्हायोलिन एकटं वाजतं, तो होता.

त्याला हे पटलं नाही. "मग टॅब का मोडल्या?" असं त्याने विचारलं, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नुसतं व्हायोलिन आवडलं म्हणून कुणी एवढं जपेल का, हा विचार माझ्याही डोक्यातून अजून जात नाही.

लदिन वगळा, असं तो म्हणत होता. मी ती पेनड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये घातली आणि तसं त्याला सांगितलं. व्हायोलिन कुणी वाजवलं, कुणाच्या घरी, हे आईला विचारून कळवतो म्हणाला. अजून त्याचा फोन आलेला नाही.